खोड आणि पुडी

दिवाळी जवळ आली की घरातल्या जुन्या वस्तूंवर दोन संकटे एकदम कोसळतात. एक केरसुणीचे आणि दुसरे रंगाच्या कुंचल्याचे. केरसुणीच्या तडाख्यात सापडलेली वस्तू जुन्या बाजारात जाते. कुंचल्याच्या तडाख्यात सापडलेली घरातच राहते, पण पुढे ती ओळखू येत नाही. पहिल्या संकटाबद्दल आपल्याकडे पुष्कळ हळहळ व्यक्त झालेली आहे. दुसऱ्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. कारण तेथे वस्तू हरवलेली नसते, उलट अधिक देखणी झालेली असते, आणि देखण्या वस्तूबद्दल तक्रार करणारा माणूस जगात खुळा ठरतो. तो खुळेपणा पत्करून मी आज एका प्रश्नाचा विचार करणार आहे. जुन्या चर्मवाद्यांचे काय करावे? ती घासून-तासून नवी करावीत, की आहेत तशी राखावीत?

मी संगीतज्ञ नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाची चामड्याच्या आवाजापासून सुटका नाही. खासबागेच्या मैदानात कुस्ती असली की हलगी आणि घुमके, गोंधळ असला की संबळ, पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरी ढोल, तालमीच्या मिरवणुकीत ताशा, आणि एकादशीच्या रात्री भजनात मृदंग. शिवाय हा प्रश्न मला अगदीच परका वाटत नाही. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत आपले पंडित पिढ्यान्‌पिढ्या जो वाद घालीत आले, तोच वाद येथे कागदाऐवजी लाकडावर चालला आहे, एवढेच.

आणि हा नुसता तात्त्विक वादही नव्हे. आमच्या पेठेतील एका भजनी मंडळापुढे तो सध्या उभा आहे. मंडळाचा एक मृदंग आहे, शिसवाच्या खोडाचा. आज मंडळात असलेल्या कोणाच्याही जन्माच्या आधीचा. तळहातांच्या आणि मांड्यांच्या घर्षणाने त्याचे लाकूड काळेभोर होऊन एखाद्या जुन्या उंबऱ्यासारखे गुळगुळीत झाले आहे. वाद्यांच्या ओढीने त्यावर बारीक खाचा पडल्या आहेत. एका बाजूला बोटभर चीर आहे. पुडी फाटल्यापासून तो कोपऱ्यात पडून आहे. मंडळातील तरुण म्हणतात, कातून घ्यावा, चीर भरावी, वरून झकास पॉलिश मारावे. लोकांनी पाहत राहावे असा करावा. वडीलधारे म्हणतात, आता त्याला हात लावू नये; काचेच्या कपाटात ठेवावा, रोज हार घालावा. आणि दोन्ही पक्ष मला म्हणतात, "मास्तर, तुम्ही काय ते सांगा." शाळामास्तराला सगळे येते अशी समजूत ज्या गावात अजून शिल्लक आहे, त्या गावात मास्तराला विचार करून बोलणे भाग पडते.

विचार करू लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की मृदंग ही एक वस्तू नव्हे. त्यात निरनिराळ्या आयुष्याच्या वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत. डाव्या तोंडाला लावायची कणीक घ्या. ती भजनाच्या वेळी ताजी भिजवतात, थापतात, आणि भजन संपले की खरवडून काढतात. तिचे आयुष्य एका रात्रीचे. पुडी काही वर्षे टिकते, मग सैल होते, तिची शाई तडकते, चामडे फाटते. वादी तिच्याहून थोडी अधिक चिवट. आणि खोड, खैराचे असो, शिसवाचे असो की फणसाचे, नीट सांभाळले तर तीन-चार पिढ्यांना पुरते. तबल्याचे असेच. ज्या कारागिराने हे वाद्य पहिल्यांदा कल्पिले, त्याने कोणता भाग जावा आणि कोणता राहावा हे आधीच ठरवून ठेवले आहे. पुडी बदलता यावी म्हणूनच ती वादीने ओढून बसवलेली असते. ती खोडाला कायमची चिकटवलेली नसते. तेव्हा फाटलेली पुडी जपून ठेवणे हा वाद्याचा मान राखणे नव्हे. आणि खोड तासणे ही दुरुस्ती नव्हे. वडीलधारे बदलायच्या भागाला हात लावू देत नाहीत, आणि तरुण राखायच्या भागावर रंधा चालवू पाहतात. दोघांचे प्रेम खरे आहे. पण दोघांनीही वाद्य नीट पाहिलेले नाही.

यावर तरुणांचे एक उत्तर असते. ते म्हणतात, खोड तासले तर आवाज सुधारतो. या म्हणण्याची थोडी छाननी केली पाहिजे. आपल्या तालवाद्यांचा आवाज कोठून येतो, याचा अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवकाली कुमार या सहकाऱ्यासह त्यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले, आणि १९३४ साली पुन्हा विस्ताराने लिहिले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: साधे ताणलेले चामडे वाजवले तर त्यातून निघणारे वरचे नाद मूळ नादाशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा आवाज नुसता 'धम्म' येतो. पण आपल्या मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीवर मधोमध थरावर थर देऊन जी काळी शाई भरतात, तिच्या वजनामुळे ते वरचे नाद मूळ नादाच्या सरळ पटीत येऊन बसतात, आणि चामडे तारेसारखे सुरात बोलू लागते. हे काम कोणा शास्त्रज्ञाने गणित मांडून केलेले नाही. घोटीव दगडाने शाई घासत बसलेल्या, नाव मागे न राहिलेल्या कारागिरांनी ते केवळ कानाने साधले. तेव्हा सुराचे रहस्य मुख्यतः पुडीत आणि शाईत आहे. खोडाचा वाटा आहेच; त्याचे वजन, जाडी, आतली पोकळी, तोंडाचा काठ, या सर्वांनी आवाजाला भरीवपणा येतो. पण म्हणूनच तर खोड तासू नये. तासल्याने जाडी कमी होते, काठ बदलतो, आणि जो भरीवपणा जुन्या लाकडात होता तोच पातळ होतो. आणि वरून चढवलेली चकाकी ही सर्वस्वी डोळ्यांसाठी असते. कानाला तिचा उपयोग नाही.

मग खोडात असे काय आहे, की ते राखावे? माझ्या मते त्यात त्या वाद्याचे चरित्र आहे. आतल्या बाजूला पाहिले तर पोखरणाऱ्या हत्याराचे घाव दिसतात. हात कोठे जोरात चालला आणि कोठे जपून, तेही दिसते. बाहेर वादीच्या खाचा आहेत. गठ्ठे ठोकताना हातोडी चुकून बसली तेथे खळगे आहेत. बैठकीच्या सवयीप्रमाणे एक बाजू अधिक झिजली आहे. कादंबरी लिहिताना मला एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उभा करायला दोन पाने खर्ची घालावी लागतात. येथे तो आयता उभा आहे. रंधा एका तासात तो पुसून टाकतो. तांब्याच्या जुन्या डग्ग्यावर निकेलचा मुलामा चढवतात तेव्हाही असेच होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आलेला तो तांबूस-काळा रंग जातो, आणि दुकानातल्या कालच्या डग्ग्यात व आजोबांच्या डग्ग्यात काही फरक उरत नाही. मग आजोबांचा म्हणून तो दाखवायचा कशाला?

येथे कोणी विचारील, की मग जुन्या वस्तूवरची घाणही जपायची काय? नाही. मळ वेगळा आणि वय वेगळे. ओल्या फडक्याने निघतो तो मळ. जे काढायला रंधा लागतो ते वय. आपल्या वाङ्मयात याचे मोठे उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीत शतकांच्या नकलाकारांचे पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात पुढे कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. नाथ स्वतः केवढे कवी! एखादी ओवी सफाईदार करणे त्यांना जड नव्हते. पण जीर्ण ग्रंथ हाती घेताना त्यांनी आपले कवित्व बाजूला ठेवले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांना एवढ्यानेही समाधान झाले नाही. नाथांच्या आधीची म्हणून एक पोथी त्यांनी मिळवली आणि १९०९ साली छापली. त्या पोथीबद्दल विद्वानांत मतभेद झाले, ते येथे नकोत. दोघांचीही धडपड मूळ लाकडापर्यंत जाण्याची होती. त्यावर आपले पॉलिश चढवण्याची नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत: जीर्णोद्धार आणि जतन. आजकालचे सुशिक्षित लोक पहिल्या शब्दाला थोडे नाक मुरडतात. ते मला पटत नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीला विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, तो जीर्णोद्धार होता; तेथे जतन करायला देऊळच उरले नव्हते. जे मोडले आहे ते उभे करावे, जे उभे आहे ते सांभाळावे. दोन्ही शब्द आपापल्या जागी थोर आहेत. गोंधळ होतो तो जागा चुकल्यावर. १९६४ साली व्हेनिस येथे जगातील वास्तुतज्ज्ञांनी एक सनद तयार केली. तिच्यात अशा अर्थाचे एक कलम आहे, की जेथून अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. हे कलम मोठ्या वास्तूंसाठी आहे, पण बोटभर चिरेलाही ते लागू पडते.

कोल्हापूरकरांना हा विवेक मुळीच नाही असे नाही. २०१५ साली अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन झाले, तेव्हा मूर्तीला काय करावे आणि काय करू नये, यावर चहाच्या दुकानापासून देवळाच्या ओवरीपर्यंत सारे गाव बोलत होते. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. त्या दिवशी रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्या माणसांच्या तोंडी 'याहून झकास बांधा' ही भाषा नव्हती. 'होते तसेच उभे करा' ही होती. देवीच्या आणि नाट्यगृहाच्या बाबतीत जे आपल्याला आपोआप कळते, ते कोपऱ्यातल्या मृदंगाच्या बाबतीत का कळू नये? मला वाटते, मोठ्या वस्तूच्या मागे इतिहास उभा असतो, आणि लहान वस्तूच्या मागे फक्त आपण असतो.

आता काचेच्या कपाटाकडे वळू. संग्रहालयाचे मोल मी जाणतो. पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून वस्तू जमवल्या, आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील वाद्यांचे दालन पाहताना ही वाद्ये कोणाच्या तरी माळ्यावर कसरीने खाल्ली असती, हा विचार मनात येऊन त्या माणसाला हात जोडावेसे वाटतात. पण त्या दालनातली शांतता अंगावर येते, हेही खरे. ज्या वाद्याला वाजवणारे उरले नाहीत, त्याला काच हा शेवटचा आसरा. ज्याला वाजवणारे समोर बसले आहेत, त्याला काचेत घालणे म्हणजे चालत्या माणसाला पालखीत कोंबणे होय.

पाश्चात्त्यांकडे हा प्रश्न पैशाच्या रूपाने येतो. शिकागोच्या लुडविगसारख्या नामांकित घरांचे जुने ड्रम तेथे हौशी लोक जमवतात, आणि ज्याचे मूळचे आवरण कायम आहे त्याला चढी किंमत देतात. नव्याने रंगवलेल्याची किंमत उतरते. चामड्याची पाने मात्र ते बिनदिक्कत बदलतात. १९५७ च्या सुमारास प्लॅस्टिकची पाने आल्यावर वासराच्या कातड्याची पाने मागेच पडली. म्हणजे खोड राखावे आणि पान बदलावे, हा हिशेब त्यांनीही मांडला आहे. गंमत अशी, की बीटल्स या प्रख्यात चौकडीच्या १९६४ मधील अमेरिकेतल्या पहिल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मोठ्या ढोलाला जे दर्शनी पान होते, ते एकटे २०१५ साली लिलावात वीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. पण त्या पानावर काठी कधी पडतच नव्हती. त्यावर नुसते नाव रंगवलेले होते. ती पाटी होती, पुडी नव्हे. किंमत हा आपल्या मृदंगाचा निकष होऊ शकत नाही. त्याला बाजारात कोण विचारणार? त्याची किंमत फक्त आपल्याच घरी आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच.

एवढे झाल्यावर माझा हिशेब चोख जुळला असे मला वाटू लागले होते: पुडी बदलावी, खोड राखावे. पण गोव्याचा घुमट आठवला आणि हिशेब अपुरा वाटला. घुमटाचे भांडे मातीचे. ते हातून पडले की संपले. तेथे खोडच नश्वर आहे. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वर्ज्य झाले, आणि आता शेळीचे वापरतात. आवाजात फरक पडला, असे जाणकार सांगतात. भांडे नवे, कातडे नवे, जातही वेगळी. तरी आरतीत घुमट वाजतोच, आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून गौरवले. तेथे जुने असे काय उरले आहे? कुंभाराचा हात आणि वाजवणाऱ्याचा हात. म्हणजे खोड आणि पुडी यांच्या पलीकडे एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही कपाटात ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा विचार एकांगी होईल. आपल्याकडे चामडे कमावणारे, पुडी बसवणारे आणि हलगी वाजवणारे हात बहुतेक अशा घरांतले, ज्यांना त्याच चामड्यामुळे गावाने दूर ठेवले. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी गावकीच्या कामांबरोबर वाजपही सोडले. अशा घरातील जुनी हलगी ही त्यांच्या दृष्टीने ठेव असेल किंवा बेडीही असेल. ती राखावी की टाकावी, हे त्यांनीच ठरवायचे, आणि आपण त्यांना वारशाचे प्रवचन देऊ नये. जे आजही आवडीने आणि मानाने ती वाजवतात, त्यांनी लोखंडी कडे आणि फायबरचे पान घेतले म्हणून आपण हळहळतो. पण पावसाळी हवेत कातडे सैल पडते, आणि भर कार्यक्रमात जाळ करून ते शेकत बसायचे असते ते त्यांना, आपल्याला नव्हे. फायबरच्या आवाजात कातड्याचा ओलावा नाही, हे माझ्या कानाला जाणवते. तरीही, हलगी बंद पडण्यापेक्षा ती कोरडी वाजलेली बरी.

तर भजनी मंडळाला माझे सांगणे असे आहे. मृदंगाला नवी पुडी घालावी, आणि ती चांगल्या कारागिराकडून घालावी. चार पैसे अधिक मागितले तर घासाघीस करू नये. मिरजेपर्यंत जावे लागले तरी जावे. खोड ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. रंधा, घासकागद आणि पॉलिश यांची सावलीही त्यावर पडू देऊ नये. चीर वाढू नये एवढ्यापुरती ती बांधावी, आणि ती अशी बांधावी की उद्या अधिक जाणत्या माणसाला ते बांधणे सोडवता यावे. भरून, रंगवून ती नसल्याचे सोंग करू नये. पावसाळ्यात मृदंग ओलीच्या भिंतीला टेकवू नये. आणि काचेच्या कपाटासाठी जी वर्गणी जमली आहे, ती परत न करता दोन मुलांच्या शिकवणीसाठी ठेवावी.

कारण या साऱ्या वादात एका गोष्टीची चौकशी कोणीच केली नव्हती. मी विचारले, "पुडी नवी घातली, तर वाजवणार कोण?" तेव्हा दोन्ही पक्ष गप्प झाले. ज्यांना मृदंग येतो असे एकच गृहस्थ मंडळात आहेत, आणि त्यांची बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. पण कणीक किती घट्ट भिजवावी, डाव्या तोंडाला केवढी थापावी, आणि आवाज भरला हे कशावरून ओळखावे, हे त्यांना अजून ठाऊक आहे. ते कोठे लिहून ठेवलेले नाही. लिहूनही ते येण्यासारखे नाही. बोटांनी बोटांना शिकवायची ती गोष्ट आहे. पुडी फाटली तर नवी मिळते. खोड गेले तर दुःख होते, पण नवे खोड पोखरता येते. हा हात मात्र एका पिढीत शिकवायचा राहिला, की पुढच्या पिढीला मृदंग म्हणजे एक पोकळ लाकूड.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकड आरती चालते. या दिवसांत घरोघरी फराळाचे डबे उघडलेले असतात, मुलांना सुट्ट्या असतात, आणि फटाक्यांच्या निमित्ताने का होईना, ती लवकर उठतात. त्यांतल्या दोघांना देवळात त्या वृद्ध गृहस्थांशेजारी बसवावे, आणि पहिल्या दिवशी नुसती कणीक भिजवायला लावावी. पॉलिश करायची एवढी हौस असेल, तर ती त्यांच्या बोटांवर करावी.